पत्र्यामागचा चेहरा

हो, मीच बोलतेय. चौकाच्या कोपऱ्यावरची तीन मजली दगडी इमारत. एके काळी मला पाडायला निघाले होते, आणि आज बघा, ताठ मानेने उभी आहे!

मला बांधलं एका हौशी कापड-व्यापाऱ्याने. प्रत्येक खिडकीवर त्याने दगडात वेल कोरून घेतली. खाली त्याचं दुकान, वर शिंप्यांच्या खोल्या. जिन्याला उसंत म्हणून नव्हती.

व्यापारी थकला, कारभार मुलाकडे आला. "जुनाट दिसतंय," म्हणून त्याने मला वरपासून खालपर्यंत चकचकीत पत्रे ठोकले. खिडक्या बुजल्या. भरदिवसा आत दिवे लागले. हळूहळू गिऱ्हाईक आटलं, भाडेकरू पांगले.

उरल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी जावा. कोट शिवायच्या. धाकटीचं मशीन, थोरलीची काजं-बटणं. भांडण रोजचं, पण एकीवाचून दुसरीच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

पुढे नातू मालक झाला. "काकू, खोली रिकामी करा," तो म्हणाला. "पाडायचंय सगळं. या खोक्यात आहे काय?"

दोघी कुठे जाणार? त्यात थोरलीला काळ्या कोटावरचा काळा दोरा दिसेना. ती रडकुंडीला आली. धाकटीने खिडकी उघडली आणि हातोडा उचलला.

"पाडायचीच आहे ना? मग एक पत्रा मी काढते!"

"अगं बाई, पडशील!" थोरलीने तिचा पदर गच्च धरला.

गंजके खिळे निघाले, पत्रा एका बाजूला लोंबकळला आणि ऊन थेट मशीनवर आलं. कित्येक वर्षांनी मी रस्ता पाहिला! समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊनच बाहेर धावला. "अरे, ही वेल कुठे दडली होती?" बघता बघता गर्दी जमली.

मालक तणतणत वर आला, खिडकीतून वाकला आणि दगडातल्या वेलीवरून हात फिरवू लागला.

"आजोबा सांगायचे... मला वाटायचं, थापा मारतायत." मग वळून म्हणाला, "काकू, हातोडा द्या."

"का रे? मला मारतोस की काय?"

तो हसला. दुसरा पत्रा त्यानेच काढला.

आज माझी एकही खोली रिकामी नाही. बाबांनो, एखादीला पाडण्याआधी तिचा चेहरा तरी बघत जा!

थोरली आता खिडकीतच बसते. परवा कोट उन्हात धरून धाकटीला म्हणाली, "तरीच! इतकी वर्षं तुझे वाकडे टाके अंधारात खपले गं!"