तिसऱ्या पाइपाचं वजन

"दिवे जास्त झालेत," फोनवरची बाई म्हणाली, "आणि ते मी लावलेले नाहीत."

पट्टीबाईंनी हेडफोन कानावर नीट बसवला. "किती जास्त?"

"आराखड्यात तिसऱ्या पाइपावर वीस दिवे आहेत. मी स्वतः मोजलेत, तीनदा. तुमच्या सॉफ्टवेअरची यादी म्हणते सव्वीस. इथे माणसं शिडीपाशी हाताची घडी घालून उभी आहेत. उद्या संध्याकाळी प्रयोग आहे. आता मी यादीवर विश्वास ठेवू की डोळ्यांवर?"

"दोन्हींवर ठेवा," पट्टीबाई म्हणाल्या. "आधी मला तुमचा स्क्रीन बघू द्या."

नाटकाच्या, नाचाच्या प्रकाशयोजनेचे आराखडे ज्यावर काढतात ते सॉफ्टवेअर ही कंपनी विकायची, आणि ते अडलं की फोन या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत यायचे. खोलीत नऊ टेबलं. आठांवर तिशीच्या आतली मंडळी, नवव्यावर त्रेपन्न वर्षांच्या पट्टीबाई. हे नाव त्यांना त्या आठांनीच ठेवलेलं. बाई स्क्रीनच्या काचेवर चक्क लोखंडी फूटपट्टी धरून रेघा तपासायच्या. पहिल्या आठवड्यात सगळे खो खो हसले. मग एकदा एका रंगमंचाचा आराखडा बोटभर तिरका असल्याचं त्या पट्टीनेच पकडलं, तेव्हापासून हसणं राहिलं, पण त्यात माया आली.

त्याआधी बावीस वर्षं त्या पाणी आणि गटार खात्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होत्या. उंच टेबल, उंच स्टूल, अर्धपारदर्शक कागद आणि शाईचं पेन. अर्ध्या शहराची गटारं त्यांच्या हाताखालून गेली होती. खात्यात संगणक आले तशी टेबलं एकेक करून उचलली गेली, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी पट्टीबाई संध्याकाळच्या वर्गाला जाऊन कॉलेजच्या पोरांशेजारी माउस धरायला शिकल्या. पहिले पंधरा दिवस तो हातात साबणासारखा निसटायचा. पण आराखडा वाचता येणारं माणूस आराखडाच वाचतं, कागदावर असो की काचेवर.

त्यांची एकच तक्रार साहेबांच्या कानावर जायची: बाई फोनवर फार वेळ घेतात. भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येकाची सरासरी मिनिटं लावलेली असत. इतरांची अकरा, बारा. बाईंची एकतीस.

फोनवरच्या प्रकाशयोजनाकार बाईंचा स्क्रीन आता त्यांच्यासमोर उघडला. आराखडा देखणा होता. रंगमंचाच्या वर आडव्या टांगलेल्या तिसऱ्या पाइपावर, एका रेषेत, चौदा साधे दिवे आणि मध्ये सहा मोठे, मोटरवर फिरणारे. रेघ कुठे हललेली नव्हती. हात बसलेल्या माणसाचं काम, पट्टीबाई मनाशी म्हणाल्या.

"त्या सहा मोठ्यांतला कुठलाही एक धरा," त्यांनी सांगितलं, "आणि हळूच बाजूला सरकवा."

"कशाला?"

"सरकवा तर."

तिकडे दिवा सरकला. आणि जिथून सरकला तिथेच, जागच्या जागी, दुसरा तसाच दिवा बसलेला दिसला.

"अगंबाई!"

"एकावर एक बसलेत. तुम्ही जुन्या आराखड्यातून ते सहा उचलून इथे आणलेत ना? दोनदा आलेत. डोळ्याला वरचा दिसतो, यादी खालचाही मोजते."

प्रकाशयोजनाकार बाई मोकळ्या हसल्या. "काल सकाळपासून डोकं फिरलंय माझं, आणि दोन मिनिटांचं काम!" खालचे सहाच्या सहा दिवे त्यांनी काढून टाकले. यादी सव्वीसवरून वीसवर आली. "झालं! तुमचे उपकार झाले, बाई. ठेवते."

"थांबा," पट्टीबाई म्हणाल्या.

यादीच्या तळाशी वजनाची बेरीज होती. मघाशी तिथे एकशे अडुसष्ट किलो होतं. आताही एकशे अडुसष्टच होतं. सहा दिवे कमी झाले आणि वजन एका किलोनेही उतरलं नाही.

पट्टीबाईंनी स्क्रीनवर पट्टी आडवी ठेवली आणि एकेक ओळ खाली सरकत गेल्या. साधे दिवे चौदा, प्रत्येकी बारा किलो. त्यांचेच एकशे अडुसष्ट. फिरत्या सहा दिव्यांपुढे वजनाचा रकाना कोरा होता. कोरा म्हणजे संगणकाच्या लेखी शून्य. आणि आराखड्याच्या कडेला, त्या थिएटरच्या लोकांनी पूर्वीच लिहून ठेवलेलं: तिसरा पाइप, कमाल भार तीनशे किलो.

"एक मिनिट हं," म्हणून त्यांनी आवाज बंद केला आणि मान वळवली. "साहेब, जरा येता का?"

साहेब बाईंच्या मुलाच्या वयाचे, पण माणूस चांगला. आले, वाकून बघितलं, सगळं ऐकून घेतलं. मग सरळ झाले.

"ताई, त्यांची तक्रार काय होती?"

"यादी जास्त दाखवते."

"आता बरोबर दाखवते?"

"हो."

"मग झालं की आपलं काम. ग्राहकाच्या रचनेवर आपण बोलायचं नाही. तुम्ही वजन जास्त आहे म्हणालात आणि ते नसलं, तर नुकसान आपल्या माथी. आणि एका गोष्टीवर बोललात की उद्या कुणी म्हणेल, बाकीचं सगळंही कंपनीने तपासलं होतं. नियम माहितीये ना तुम्हाला?"

"माहितीये."

"ठेवा मग फोन. मागे सात जण थांबलेत."

साहेब वळले. पट्टीबाईंनी त्यांची पाठ बघितली, मग तो कोरा रकाना बघितला. नियम काही चुकीचा नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. नोकरीची गरज होती हेही खरं. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. घरी सासूबाई, पंच्याऐंशीच्या. असं सगळं त्यांच्या डोक्यात येऊन गेलं, पण बोट आपसूक बटणावर गेलं आणि आवाज सुरू झाला.

"बाई, तुमचे ते मोठे दिवे, एकेक किती वजनाचा?"

"का?"

"यादीत त्यांचं वजनच नाहीये. तुम्ही त्यांचं चित्र स्वतः काढून घेतलंय, आकार अगदी बरोबर आहे, पण वजन भरायचं राहिलंय. तीस किलोचा जरी धरला, तरी पाइपावर साडेतीनशेच्या वाटेवर जाल. तो तीनशेचा आहे."

पलीकडचा आवाज बदलला. "हे बघा, मी वीस वर्षं दिवे लावतेय. तुम्ही किती नाटकांना दिवे लावलेत?"

"एकाही नाही."

"मग?"

"मी बावीस वर्षं गटारं काढली," पट्टीबाई म्हणाल्या. "कुठल्या पाइपाला किती झेपतं, एवढंच मला कळतं."

पलीकडे लांबून एक जाडाभरडा आवाज आला, "किती म्हणाल्या त्या?" आणि फोन हातातून हातात गेला.

"मी इथला दोरखंडवाला," तो आवाज म्हणाला. "मामा म्हणतात मला सगळे. पाइप वर-खाली नेणं माझ्याकडे. मला यादीत एकशे अडुसष्ट दाखवलंय, म्हणून मी हो म्हटलं. तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणते, एक मोठा दिवा काट्याला लावून बघा, मामा. पकडीसकट, वायरीसकट."

"काटा आहे माझ्याकडे. थांबा."

पट्टीबाई थांबल्या. कानात साखळीचा खळखळाट आला, कुणीतरी "धर, धर, खालून धर" म्हणालं, शिडी सरकली. इकडे दोघा-तिघांनी आपापल्या खुर्च्या वळवल्या होत्या. साहेब आपल्या काचेच्या खोलीच्या दारात उभे होते. बाईंच्या टेबलावरच्या घड्याळात सत्तेचाळीस मिनिटं झाली होती.

"साडेतेहेतीस," मामा म्हणाले.

पट्टीबाईंनी कागदावर मांडलं. सहा गुणिले साडेतेहेतीस, दोनशे एक. त्यात एकशे अडुसष्ट.

"तीनशे एकोणसत्तर, मामा."

मामांनी मोठा श्वास घेतलेला ऐकू आला. "ही मोटर जुनी आहे हो, बाई. तक्रार न करता ओढते. तुटेपर्यंत तक्रार करायची नाही अशी जात तिची." मग ते म्हणाले, "उद्या या पाइपाखाली बारा जणी नाचणार आहेत."

मग प्रकाशयोजनाकार बाई पुन्हा फोनवर आल्या. आवाज खाली आला होता. "रकाना कोरा होता. मी तळाची बेरीज तेवढी बघत राहिले." आणि मग, "आता काय करू?"

"ते मला नाही सांगता यायचं. उजेड तुमचा आहे. मी फक्त ओझं सांगू शकते."

त्या चिडल्या नाहीत. त्या कामाला लागल्या. तीन फिरते दिवे मागच्या पाचव्या पाइपावर न्यायचे, म्हणजे त्यांचा कोन बदलणार, चेहऱ्यावर पडणारा उजेड खांद्यावर पडणार, मग बाजूचे दोन दिवे पुढे घ्यायचे, असं त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. पट्टीबाईंना त्यातलं निम्मं कळलं नाही, पण एका कसबी माणसाचं डोकं चालताना ऐकायला त्यांना फार बरं वाटलं. मध्येमध्ये त्या सांगत गेल्या: दिव्याच्या मूळ चित्रातच वजन भरा, म्हणजे पुढे कुठेही नेलात तरी ते त्याच्याबरोबर जाईल. कोरा रकाना दिसला की ओळ लाल व्हावी अशी सोय आहे, ती चालू करा. दिवा पाइपाच्या रेषेवर ठेवून भागत नाही, पाइपाला जोडावा लागतो, नाहीतर भार दुसरीकडेच मोजला जातो.

तिसऱ्या पाइपाची बेरीज दोनशे साडेअडुसष्टवर आली. पाचव्याची मामांनी स्वतः विचारून घेतली, ती दोनशेच्या आत होती, म्हणजे त्याला झेपणारी. "चढवा रे," मामा कुणाला तरी म्हणाले, आणि मोटरची घरघर थेट बाईंच्या कानापर्यंत आली.

एक तास बावन्न मिनिटं. इतका लांब फोन त्या खोलीत आजवर कुणी घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी त्यांना आत बोलावलं. टेबलावर एक कागद होता. "ताई, मला हे करायला आवडत नाहीये. पण मी नाही म्हटल्यावर तुम्ही बोललात, आणि ते सगळं रेकॉर्ड झालंय. वरून विचारणा झाली. नोकरीला धक्का नाही, पण समज द्यावी लागते."

पट्टीबाईंनी चष्मा लावून कागद शब्दन् शब्द वाचला. ग्राहकाच्या रचनेविषयी मत दिले, नियमाचा भंग केला, पुन्हा असे घडल्यास वगैरे. त्यांनी पेन मागितलं.

"साहेब, इथे आकडा चुकलाय. तुम्ही दिव्याचं वजन तीस लिहिलंय. ते मी आधी अंदाजाने म्हटलं होतं. काट्यावर साडेतेहेतीस भरलं."

बाईंनी तीसवर आडवी रेघ मारली, वर नीट आकड्यांत साडेतेहेतीस लिहिलं, आणि खाली सही केली. टपोरी, एका ओळीत.

"असंच पुन्हा समोर आलं तर?" साहेबांनी हळूच विचारलं.

"तर पुन्हा कागद द्या. मी सही करेन."

संध्याकाळी त्या बसने गेल्या नाहीत, चालत घरी गेल्या. पाठ ताठ होती, पाऊल हलकं पडत होतं. सासूबाई दारातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू यायचं, पण सुनेचं तोंड त्या बरोबर वाचायच्या.

"काय झालंय?"

"कागद दिला मला ऑफिसात," पट्टीबाई मोठ्याने म्हणाल्या. "ताकीद."

"काय केलंस?"

"बोलू नको म्हणत होते, तरी बोलले."

"खोटं बोललीस?"

"नाही. खरं बोलले."

सासूबाईंनी सुनेकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "मग ताकिदीचं तोंड असं असतं होय? मला वाटलं बढती मिळाली." आणि गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाल्या, "चल, वाढ आता. भूक लागलीय मला."

दोघी जेवायला बसल्या. सासूबाईंनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, मामांच्या काट्यासकट. बाईंनी सांगितलं. सांगताना साडेतेहेतीसचा आकडा आला, तेव्हा म्हातारीने जेवताजेवता मांडीवर थाप मारली.

तीनेक आठवड्यांनी त्या प्रकाशयोजनाकार बाईंचा मेल आला. साधीच अडचण होती: छापताना दिव्यांचे क्रमांक मुंगीएवढे येत होते. सोबत नव्या प्रयोगाची फाइल होती. पट्टीबाईंनी ती उघडली, अक्षरांचं माप दुरुस्त केलं, आणि खात्री करायला म्हणून पूर्ण आकारात छापायला पाठवली.

मोठं छपाई यंत्र खोलीच्या टोकाला होतं. कागद सावकाश, बोटभर बोटभर बाहेर येऊ लागला. आधी रंगमंचाची मागची भिंत, मग पाइप, मग दिवे. क्रमांक ठळक आले होते. उजवीकडची खालची चौकट सगळ्यात शेवटी आली. कुठल्याही आराखड्याला असते तशीच, तीन घरांची: काढणार, तपासणार, मंजूर करणार. खात्यातल्या बावीस वर्षांत पट्टीबाईंची आद्याक्षरं नेहमी पहिल्या घरात असायची. दुसरं घर इंजिनीअर लोकांचं.

इथे पहिल्या घरात प्रकाशयोजनाकार बाईंचं नाव होतं. दुसऱ्यात, "भार तपासणी" असं लिहून, पट्टीबाईंचं. मेलच्या खाली असतं ते पूर्ण नाव, आडनावासकट. या खोलीत ते कधी कुणी उच्चारलं नव्हतं.

साहेब पाणी प्यायला तिकडून चालले होते. थांबले. त्यांनी ती चौकट वाचली. यंत्राने कागद कापला तसं त्याचं एक टोक जमिनीकडे घसरायला लागलं, तेव्हा त्यांनी पुढे होऊन ते हातात धरलं.

"धरून ठेवा थोडा वेळ," पट्टीबाई दुसरं टोक उचलत म्हणाल्या. "शाई ओली आहे अजून."

दोघं कागद ताणून धरून उभे राहिले.