माझा तुटका इंच आणि सुलभाबाईंचं दार

मी एक जुना टेप आहे. गाण्यांचा नव्हे, मोजमापाचा. तीन मीटर लांब, पिवळ्या पट्टीचा, लोखंडी डबीत स्वतःला गुंडाळून बसणारा. तुम्ही म्हणाल, टेपला कसलं आलंय आयुष्य? मित्रांनो, चाळीस वर्षं एकाच घरात काढलेल्याला सांगण्यासारखं पुष्कळ असतं. फक्त कोणी विचारत नाही. आज मीच सांगतो.

आमच्या शहरातल्या फ्रीगंज बाजारातल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून अण्णांनी मला घेतलं. अण्णा म्हणजे सुधाकरराव. तेव्हा ते सिंचाई विभागात उपयंत्री, म्हणजे पाटबंधारे खात्यात कनिष्ठ इंजिनिअर, होते आणि माधव नगरात त्यांचं घर बांधायचं चाललं होतं. दुकानदाराने चार टेप समोर ठेवले. अण्णांनी प्रत्येकाची पट्टी ओढून पाहिली, सोडून पाहिली आणि मला खिशात टाकलं. त्या दिवशी माझी मान जी ताठ झाली ती बरीच वर्षं ताठच राहिली.

त्या घराचा पाया मी नापला, म्हणजे मोजला, खिडक्या नापल्या, जिन्याच्या पायऱ्या नापल्या. सगळ्यात लक्षात राहिला तो स्वयंपाकघराचा ओटा. मिस्त्री म्हणत होता, सगळीकडे ठेवतात तेवढीच उंची ठेवू. अण्णांनी ऐकलं नाही. त्यांनी सुलभाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, विटांच्या ढिगाशेजारी उभं केलं, हातात लाटणं दिलं आणि जमिनीपासून त्यांच्या कोपरापर्यंत मला लावलं. सुलभाबाई लाजून म्हणाल्या, "अहो, मजूर बघताहेत." अण्णा म्हणाले, "बघू दे. पोळ्या तुला करायच्या आहेत, त्यांना नाही." तो ओटा अजूनही कोणाची पाठ दुखवत नाही, हे मी अभिमानाने सांगतो.

मग माझं तोंड तुटलं. अण्णांचा मुलगा केदार तेव्हा सात वर्षांचा होता. ऑइल पेंटचा डबा उघडत नव्हता म्हणून त्याने माझ्या टोकाची आकडी झाकणात खुपसली आणि जोर लावला. आकडी गेली, तिच्याबरोबर पट्टीचा पहिला अख्खा इंच गेला. अण्णा ऑफिसातून आले तेव्हा केदार पलंगाखाली लपला होता. अण्णांनी त्याला बाहेर काढलं, मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "टेप बिघडला नाही रे. आता हा एकपासून सुरू होतो, एवढंच. जो आकडा येईल त्यातून एक काढायचा." केदार आठवडाभर घरातली प्रत्येक वस्तू नापून एक काढत हिंडत होता. त्याची वजाबाकी माझ्यावर पक्की झाली म्हटलं तरी चालेल.

तेव्हापासून घरात तो नियमच झाला. कोणी बोलून दाखवत नसे. मला हातात घेतलं की एक काढायचा, हे बापलेक दोघांच्याही अंगात भिनलं होतं.

अण्णा निवृत्त झाले आणि माझेही दिवस फिरले. मी ड्रॉवरमध्ये पडून राहिलो, शेजारी फ्यूजची तार आणि एक गंजलेली बिजागरी. केदार मोठा झाला, बँकेत अधिकारी झाला. त्याने लाल टिपका टाकून मोजणारं एक यंत्र आणलं. बटण दाबलं की आकडा हजर. खोटं कशाला बोलू, त्या टिपक्याचा मला फार राग यायचा.

गेल्या हिवाळ्यात सुलभाबाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन इंदूरला झालं आणि त्या तिथेच लेकीकडे, मधुराकडे, राहिल्या. त्याच सुमारास घराचं काम काढायचं ठरत होतं. केदारने वहीत यादी केली होती: नवं किचन, हॉलच्या टाइल्स, फॉल्स सीलिंग, शेवटी लेट-बाथ. आमच्याकडे न्हाणीघर आणि संडास एकत्र असला की त्याला लेट-बाथ म्हणतात. आमच्या लेट-बाथला एक पायरी होती आणि दार इतकं अरुंद की बादली घेऊन आडवं व्हावं लागे.

एका शनिवारी अण्णांनी मला ड्रॉवरमधून काढलं, पुसलं आणि देवास गेटच्या बसस्थानकावरून इंदूरची बस धरली. किती दिवसांनी खिशात बसलो होतो मी! सुलभाबाई वॉकर धरून दोन पावलं चालून दाखवत होत्या. मधुरा आत गेल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मधुरा फार करते हो. पण प्रत्येक वेळेला कोणाला तरी हाक मारून आत न्यायला सांगायचं, मला जीव नकोसा होतो. मी पाणीच कमी पिते आजकाल. मला घरात बाकी काही नवं नको. मला एकटीला जाता-येता आलं पाहिजे, बस."

अण्णांनी मला काढलं आणि वॉकरच्या पायांची रुंदी घेतली. माझ्यावर पंचवीस आलं. अण्णांनी सवयीने एक काढला आणि वहीत लिहिलं, "वॉकर चोवीस इंच, जुन्या टेपने."

घरी आल्यावर त्यांनी यादीतल्या बाकीच्या कामांवर रेघ मारली. "आधी लेट-बाथ. मग उरलं तर बाकीचं." सूनबाई पूजा नव्या किचनसाठी वर्षभर थांबली होती. ती म्हणाली, "बिलकुल बरोबर, अण्णा. किचन कुठे पळून जात नाही." आपल्या घरातली माणसं चांगली आहेत, हे मला त्या दिवशी पुन्हा कळलं. पण चांगली माणसंही घोळ घालतातच.

रविवारी केदार वही घेऊन बसला. "जुन्या टेपने" हे शब्द त्याने वाचले आणि तो थबकला. अण्णा ऐंशीच्या घरातले. महिन्याभरात दोनदा चष्मा कपाळावर ठेवून त्यांनी तो घरभर शोधला होता. एक काढायला ते विसरले तर नसतील? अण्णा शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. उठून विचारायचं, एवढंच काम होतं. पण विचारलं तर त्यांना लागेल, असं केदारच्या मनाने घेतलं. त्याने पेन्सिलीने चोवीसवर काट मारली आणि तेवीस लिहिलं. मी त्याच टेबलावर पडलो होतो. ओरडलो असतो, पण आम्हाला देवाने तोंड दिलंय ते फक्त आकडे दाखवायला, आणि माझं तर तेही तुटकं.

दार मनासारखं मोठं करायला जागा नव्हती. एका बाजूला सिमेंटचा खांब, दुसऱ्या बाजूला पाण्याची लाइन. केदारने दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच मोकळा धरून हिशेब केला: तेवीसचा वॉकर, चोवीसची वाट. सिंहस्थाच्या, म्हणजे कुंभमेळ्याच्या, कामांमुळे शहरात मिस्त्री मिळायची मारामार. शेवटी मांगीलाल नावाचा मिस्त्री मिळाला. तो म्हणाला, "भैया, थोड़ा तंग नी पड़ेगा?" केदार म्हणाला, "नहीं मांगीलालजी, नाप पक्का है." मग पायरी गेली, उतार आला, खरबरीत टाइल्स लागल्या, भिंतीला धरायला दांडे बसले, ग्रॅनाइटची चौकट उभी राहिली. लाल टिपक्याच्या यंत्राने चौकट तपासली. बरोबर चोवीस.

सुलभाबाई आल्या. पूजाने ओवाळलं. त्या हॉलमधून एकेक पाऊल टाकत थेट नव्या दाराकडे निघाल्या. चेहरा असा, की शाळेचा पहिला दिवस आहे. वॉकर चौकटीला लागला आणि अडला. त्यांनी मागे घेऊन पुन्हा सरळ घातला. पुन्हा अडला. तिरका केला तर जात होता, पण मग धरायला काही राहत नव्हतं.

"बसते जरा," त्या म्हणाल्या. खुर्ची आणेपर्यंत सगळे नवीन टाइल्सकडे बघत राहिले.

"आई, माझंच चुकलं," केदार म्हणाला.

"तुझं नाही, आकडा माझा होता," अण्णा म्हणाले.

आकडा नेमका कुठे चुकला ते दोघांनाही नक्की ठाऊक नव्हतं. जो तो दुसऱ्याला वाचवत होता. सुलभाबाईंनी वही मागवली, मला मागवलं. "आत्ता माझ्यासमोर नापा. दोघंही." अण्णांनी नापलं: पंचवीस, एक काढला, चोवीस. बाईंनी पेन्सिलीच्या तेवीसवर बोट ठेवलं आणि केदारकडे पाहिलं.

"मला वाटलं, अण्णा एक काढायला विसरले असतील," केदार म्हणाला.

"विचारायचं होतंस," अण्णा म्हणाले.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आता वाटतंय."

केदारचे डोळे भरून आले. सुलभाबाईंनी त्याचा हात धरला आणि शांतपणे म्हणाल्या, "अण्णांनी काढला तो टेपचा इंच होता. तू काढलास तो माझा."

मांगीलालने चौकट ठोकून पाहिली. खांबाच्या बाजूचा ग्रॅनाइट काढून दार बाहेरून टांगलं तर दोन इंच वाट मिळेल, पण काढणं, प्लास्टर, वाळणं यांत तीन दिवस जातील, असं त्याने सांगितलं. तो सिंहस्थाच्या कामावर जायच्या आधी सकाळी लवकर येऊन आमचं काम करत राहिला. ते तीन दिवस पूजा सुलभाबाईंना धरून आत नेई. त्या एका शब्दाने कुरकुरल्या नाहीत. फक्त त्यांच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या संध्याकाळी जवळजवळ भरलेलाच असे, आणि ते अण्णा रोज पाहत.

चौथ्या दिवशी बापलेकाने मिळून दार नापलं.

"किती?"

"सत्तावीस."

"एक काढलास?"

"अजून नाही. काढू?"

"काढ. सव्वीस."

सुलभाबाई उठल्या. वॉकर आत गेला, दोन्हीकडे बोट शिरेल एवढी जागा ठेवून. त्यांनी वळून दार ओढलं आणि आतून कडी लावली. बाहेर अण्णा, केदार, पूजा, हातात थापी घेतलेला मांगीलाल, सगळे श्वास रोखून उभे.

आतून आवाज आला, "बाहेर काय उभे आहात सगळे? जा आपापल्या कामाला."

सगळे गेले. अण्णा गॅलरीत गेले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. मी त्यांच्या खिशात होतो, म्हणून मला माहीत.

मित्रांनो, घराचं काम काढाल तेव्हा टाइल्सचा रंग नंतर निवडा. आधी त्या घरात कोण कसं चालतं ते पाहा. आणि तुटक्या टेपचा आकडा असो की म्हाताऱ्या माणसाची आठवण, शंका आली तर माया करून गप्प बसू नका. शेजारच्या खोलीत जा आणि विचारा. विचारायला अर्धं मिनिट लागतं. आमच्या घरात कोणी विचारलं नाही, त्याचे तीन दिवस झाले, आणि ते तीन दिवस तहानलेल्या राहून सुलभाबाईंनी काढले.