आत्याच्या खिडकीवरचा उमेदवार

“निळा की काळा?” आत्याने दोऱ्याची दोन रिळं भाचीच्या नाकासमोर धरली. “सांग ना. शिकलेली आहेस.”

बाहेर लख्ख सकाळ होती, खोलीत तिन्हीसांज. खिडकीवर बाहेरून फ्लेक्स घट्ट ताणून बांधला होता. मागून ऊन पडल्यामुळे त्यावरचा उमेदवार आतूनही दिसत होता. भांग उलटा, अक्षरं उलटी, हसू मात्र तेच.

“दिवा लाव की.”

“लावलाय. वर बघ.”

भाचीने वर पाहिलं. बल्ब खरंच पेटलेला होता.

लहानपणी ती प्रत्येक गोष्टीवर ‘कशावरून?’ विचारायची, म्हणून घरात तिला तेच नाव पडलं. आता ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करत होती आणि घरी आल्यावर ‘कशावरून’ नावाचाच ब्लॉग लिहीत होती. प्रभागाच्या निवडणुकीत कोण काय करतंय, त्याचा पुराव्यानिशी हिशेब. एक नियम ती कधी मोडत नसे. लिहिण्याआधी ती संबंधितांना प्रश्न पाठवायची आणि त्यांचं उत्तर काना-मात्रा न बदलता छापायची.

गेल्या आठवड्यात आत्याला खिडकीतून शेजारच्या प्रचार कार्यालयाचं मागचं अंगण दिसलं. तिथे याच उमेदवाराच्या टेम्पोत पत्रकांचे गठ्ठे चढत होते. पत्रकांवर फोटो होता त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या शिक्षिकाबाईंचा, आणि वर मोठ्या अक्षरांत, ‘निवडून आल्यावर दवाखाना हलवणार.’ बाई असं कधीच बोलल्या नव्हत्या. आत्याने मोबाइलवर फोटो काढून भाचीला पाठवला. खाली लिहिलं, ‘माझं नाव कुठे येता कामा नये.’

कशावरूनने फोटो कडेने कापला. टेम्पो, गठ्ठा आणि गठ्ठा उचलणारे हात, एवढंच ठेवलं आणि प्रश्नासोबत पाठवलं. उमेदवाराच्या प्रचारप्रमुखाचं उत्तर आलं, ‘फोटो बनावट आहे. हिंमत असेल तर अख्खा दाखवा.’ कापलेल्या फोटोखाली तेही तिने छापलं. मग वाचकही विचारू लागले, खरा कशावरून? तिचाच प्रश्न, तिलाच. तो तिला सोसवला नाही. तिने अख्खा फोटो टाकला.

त्यात डाव्या कडेला फाटकाचा खांब होता, त्याच्या बरोबर मागे पाण्याची टाकी. या दोघांमधून रेघ ओढली की ती गल्लीतल्या एकाच खिडकीत जाते. हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण खरं ठरण्याच्या भरात ती रेघ ओढायची राहून गेली. त्यांनी ओढली. दुसऱ्या दिवशी बांबू आले, त्यामागून फ्लेक्स आला.

आता ती ताडताड जिने उतरून प्रचार कार्यालयात गेली.

“या ताई, बसा,” प्रचारप्रमुख म्हणाला. “तुमचं सगळं वाचतो बरं का आम्ही.”

“तुम्ही खिडकी झाकलीये.”

“भिंत घेतलीये भाड्याने. मालकाची सही, पालिकेचा शिक्का, सगळं आहे. भिंतीत मध्येच खिडकी आहे, त्याला आम्ही काय करणार?”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

“हा सूड आहे.”

“कशावरून?” आता सगळेच हसले. “अहो, एवढं अडतंय तर कापा की. मावशींकडे कात्री असेलच.”

ती वळली. फाटकाजवळ एक कार्यकर्ता खुर्ची टाकून बसला होता. हातातला मोबाइल वर, खिडकीकडे रोखलेला. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि ती पळतच वर गेली.

आत्या स्टुलावर उभी होती. मोठ्या कात्रीचं टोक उमेदवाराच्या हनुवटीवर टेकलेलं.

“आत्या, नको! खाली एक जण शूटिंगला बसलाय. तू कापलंस की पोलिसांत जातील. बॅनर फाडला म्हणून बोंब मारतील. हेच हवंय त्यांना.”

“त्यांना काय हवंय ते बरं कळतं तुला!” आत्या स्टुलावरूनच कडाडली. “मला काय हवं होतं? एवढंच ना, की माझं नाव नको? कुणी डिवचलं, तर माझी खिडकी काढून दिलीस त्यांच्या हातात. तू खरी ठरलीस. मी बसले अंधारात.”

“चुकलं माझं.”

“घाल चुलीत. सोमवारी शाळेचे गणवेश द्यायचेत. भलत्या रंगाने शिवले, तर उसवायला येणारेस?”

“मी यावर लिहिते. तुझं नाव न घालता...”

“अख्ख्या गल्लीला कळलंय, आता कुणापासून लपवतेस? घाल नाव! ठळक घाल.” आत्या स्टुलावरून उतरली. कात्री तिने गणवेशांच्या कापडावर आपटली. “पण आधी त्या बाजूने मशीन धर.”

लोखंडी पायांचं मशीन जिन्यातून उतरवताना भाचीची नडगी फुटली. आत्या थांबली नाही. फुटपाथवर, अंगणाच्या फाटकाला लागून, भर उन्हात तिने मशीन मांडलं, स्टूल ओढलं आणि कॉलर सुईखाली सरकवली.

प्रचारप्रमुख बाहेर आला. “मावशी, इथे कुठे?”

“वर तुमचे साहेब बसलेत. मी कुठे बसू?”

“रस्ता अडतो हो.”

“मग इथेही लावा एक फ्लेक्स.”

गणवेशाची चौकशी करायला एक आई आली. तिने विचारलं, दुकान रस्त्यावर कसं? आत्याने पाय न थांबवता, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. पत्रकं कुणाच्या नावाची होती, चढत होती कुणाच्या टेम्पोत, आणि फोटो कुणी काढला. “मी काढला. या हाताने.” मग भाजीवाला थांबला. त्यालाही पहिल्यापासून सांगितलं. मग दोन कॉलेजच्या मुली थांबल्या. खुर्चीतल्या कार्यकर्त्याने मोबाइल खिशात घातला. भाची तिथेच पायरीवर बसून टाइप करत होती. नडगीवरचं रक्त वाळलं होतं.

दुपारी अंगणातून टेम्पो निघाला. मागे गठ्ठ्यांवर ताडपत्री गच्च बांधलेली. फाटकाशी मशीन आडवं येत होतं. चालकाने हॉर्न दिला, मग हॉर्नवर हात दाबूनच धरला. आत्याने वर पाहिलं नाही. डावा हात उचलून त्याला नुसतं थांबवलं. कॉलर अर्धी शिवून झाली होती.

चालकाने इंजिन बंद केलं. गल्लीत फक्त मशीनचा आवाज राहिला.