चंद्रकुमारचा तिसरा अंक

भोजराज पटले मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर होता, त्याला पाच वर्षं झाली होती. देवरीजवळच्या गावात त्याची बायको मंजू आणि धानाची शेती. आणि तिकडे दरेकशाला मोठा भाऊ चंद्रकुमार, ज्याच्याशी तो सहा वर्षांत एक शब्द बोलला नव्हता.

भांडण तसं दोन वाक्यांचंच. चंद्रकुमार पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत गायचा. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रांचे दिवस आले की गावोगावी मांडव पडायचे, आणि जाहिरातीच्या रिक्षावर त्याचं नाव असलं की लोक तीन-तीन कोसांवरून यायचे. त्यांची आई, सावित्रीबाई, गेली त्या दिवशी तो अर्जुनीकडे नाटकात होता. निरोप पोचला दुसऱ्या अंकानंतर. हा तिसरा अंक संपवून निघाला आणि गालावरचा रंग तसाच घेऊन उजाडताना दारात येऊन उभा राहिला. अंगण माणसांनी भरलेलं होतं. सगळ्यांदेखत भोजराज म्हणाला, "आईपेक्षा टाळ्या मोठ्या झाल्या का गा तुले? जा, तोंड धू पहिले."

चंद्रकुमारने तोंड धुतलं, खांदा दिला. तेरावं झाल्यावर बायको चंद्रकांताला घेऊन तिच्या माहेरी दरेकशाला निघून गेला. भोजराजने पुढच्या वर्षी पासपोर्ट काढला.

मस्कतमध्ये त्याचे इंजिनीअर थॉमससाहेब कोट्टायमचे. गाण्याचं वेड असलेला माणूस. त्यांच्या बायकोला अचानक गावी जावं लागलं, एक तिकीट उरलं, आणि कुणी दुसरं मिळेना म्हणून त्यांनी भोजराजला ऑपेराला चल म्हटलं. कोट सक्तीचा होता, तोही त्यांनीच दिला. खांद्यात ढगळ, बाह्यांना आखूड. संगमरवरी पायऱ्या चढताना भोजराजला आपण कुणाच्या तरी लग्नात चुकून शिरलो आहोत असं वाटत होतं.

पडदा उघडण्याआधी काळ्या सुटातला एक माणूस समोर आला आणि बराच वेळ बोलला. थॉमससाहेबांनी हळू आवाजात समजावलं, की मुख्य गायकाचा घसा बसला आहे, इतक्या ऐन वेळी दुसरा कुणी मिळाला नाही, तेव्हा तो तसाच गाणार आहे, सांभाळून घ्या म्हणतात.

गोष्ट एका म्हाताऱ्या राजाची होती. भाषा इटालियन. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर शब्द उमटत होते, पण भोजराजने ते वाचले नाहीत. तो त्या गायकाच्या गळ्याकडे पाहत राहिला. मुलीच्या प्रेताजवळ बसून गाताना एका ठिकाणी गायकाचा आवाज फाटला. वाद्यं थांबली. हजारभर माणसं श्वास रोखून बसली. गायकाने मान वर केली, खालचा सूर धरला आणि तिथून पुन्हा उचललं. भोजराजला पहिल्यांदा लक्षात आलं की त्या रात्री मांडवात तीन हजार लोक बसलेले असताना दादासमोर दुसरा रस्ताच नसेल. नाटक बंद पाडून येणार कसा? त्याच्या जागी उभं कोण राहणार? भोजराजचे डोळे वाहू लागले. थॉमससाहेबांना वाटलं, गाणं लागलं याला. त्यांनी रुमाल पुढे केला.

मार्चमध्ये सुट्टीवर आल्यावर चौथ्याच दिवशी तो बसने आमगावला गेला आणि तिथून पॅसेंजरने दरेकशाला उतरला. स्टेशनपासून घर जवळ होतं. अंगणात मोहफुलं वाळत टाकलेली. चंद्रकांतावहिनीने पाणी दिलं, मंजूची चौकशी केली, आणि चहाच्या निमित्ताने आत निघून गेली. चंद्रकुमार खाटेवर बसला होता. केस निम्मे पांढरे झालेले. आता तो मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्त्याला जातो, गात नाही, हे भोजराजला मंजूकडून कळलं होतं.

त्याने ऑपेराची सगळी हकीकत सांगितली. चंद्रकुमार लक्ष देऊन ऐकत होता.

"पुरं केलं का त्यानं?" त्याने विचारलं.

"केलं."

"लोक?"

"उठून उभे राहिले सारे."

मग भोजराज ज्यासाठी आला होता ते बोलला. "दादा, मले माफ कर. त्या दिवशी तुह्या जागी उभं राहाले कोणी नव्हतं. मले हे आता समजलं."

"होता."

"कोण?"

"रिंकू. आमच्याच नाटकातला पोरगा. साऱ्या पदांची तालीम केली होती त्यानं. नाटकाचे मालक बकारामभाऊ रंगपटात आले, मले म्हणाले, चंद्रा, तू घरी जाय, गाडी उभी हाय, रिंकूले चढवतो. मी म्हणलो, राहू द्या."

"काऊन?"

"आवाज लागला होता." चंद्रकुमारने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "दहा वर्षांत तसा लागला नव्हता. मनात आलं, आई तं गेलीच हाय, हे गाणं जाईन तं पुन्हा भेटणार नाही. आन् गायलो. जीव लावून गायलो, भोज्या. अंगावर काटा येऊन राहिला होता लोकायच्या."

भोजराजने नजर मोहफुलांकडे वळवली. चंद्रकुमार बोलतच होता.

"गाव म्हणे, बिचारा, कामापायी अडकला. वहिनी तुही अजून तसंच म्हणते. तू एकलाच खरं बोलला होता. मले तेवढा आधार होता, का एका माणसाले तरी माहीत हाय." त्याने भोजराजकडे पाहिलं. "आता तूही माफ करून राहिला."

वहिनी चहा घेऊन आली. दोघांनी तो पिऊन टाकला. भोजराजने मग पाऊस कसा झाला, धान किती पिकलं, असं काहीबाही विचारलं, चंद्रकुमारने सगळ्याची नीट उत्तरं दिली. परतीच्या गाडीला दीड तास होता, तरी तो लवकरच उठला. भाऊ फाटकापर्यंत आला आणि तिथूनच वळला.

घरी मंजूने विचारलं, बोलणं झालं का. झालं, म्हणाला. ती खूष झाली, देवापुढे साखर ठेवली तिने. त्याने तिला पुढचं काही सांगितलं नाही. त्याला स्वतःलाच कळत नव्हतं की आपण आता भावावर चिडायचं का त्याची कीव करायची. दोन्ही करून पाहिलं, दोन्ही टिकलं नाही.

नागपूरला विमानासाठी निघायच्या सकाळी त्याने दरेकशाला फोन लावला. वहिनीने उचलला. हे जंगलात गेले आहेत, दुपारी येतील, म्हणाली, आणि विचारलं, काही सांगायचं आहे का भाऊजी. नाही, भोजराज म्हणाला, सहजच केला होता.