पाण्याच्या बाटलीतलं पेट्रोल

अकरा महिन्यांत देवश्रीनं आपल्या लेकीला, भैरवीला, नऊ राज्यांचं पाणी पाजलं, आणि सगळं उकळून. स्पितीत गाडीतली टाकी गोठली तेव्हा बर्फ वितळवून उकळलं, कच्छात खारट लागलं तरी उकळलं. नवरा, शंतनू, हसायचा. “अगं, बास. त्या पाण्यात आता पाणीसुद्धा उरलं नसेल.” तो हसला की ती गॅस आणखी पाच मिनिटं चालू ठेवायची.

दोघं तुळजापूरची. लेक दीड वर्षाची झाली तशी नोकऱ्या सोडून निघाली. शाळेची एक जुनी व्हॅन घेतली, आतल्या सीटा काढून ओटा, पलंग, पाण्याची टाकी बसवली, आणि सोबतीला मोटरसायकल. एक दिवस शंतनू मोटरसायकलवर पुढं आणि देवश्री लेकीला घेऊन गाडीत. दुसऱ्या दिवशी उलट. घरच्यांनी भिकेचे डोहाळे म्हणून नावं ठेवली. पण नियम पक्के होते, म्हणून निभावलं. पहिला नियम देवश्रीचा: पेट्रोल घरात आणायचं नाही. गाडीला ती घरच म्हणायची. मोटरसायकलचं जादा पेट्रोल लाल पत्र्याच्या डब्यात, आणि डबा बाहेर, मागच्या दाराला, कुलपात.

बिदर सोडलं आणि तो डबा गळायला लागला. आता नवा कशाला, उद्या तर घरी पोचतोय, असं दोघंही म्हणाली. वाटेतल्या किराणा दुकानात पेट्रोल मिळालं, आपल्याकडं खेड्यात मिळतं तसंच. पाण्याच्या बाटल्यांत भरून, गोडेतेलाच्या शेजारी ओळीनं मांडलेलं. शंतनूनं एक बाटली तिच्या हातात दिली. “वर ठेव. हिचा हात पुरणार नाही अशी.”

देवश्रीच्या खांद्यावर भैरवी झोपली होती. तिनं बाटली दाराच्या आतल्या जाळीत अडकवली. एक मिनिटभर. हिला पलंगावर टाकते न् मग वर ठेवते. ते एक मिनिट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं.

रात्री माकणीच्या धरणाजवळ मुक्काम झाला. सकाळी सास्तूरच्या वाटेला लागली आणि थोड्याच अंतरावर पंख्याचा पट्टा तुटून इंजिन वाफ टाकायला लागलं. पट्टा आणायला शंतनू मोटरसायकल घेऊन लोहाऱ्याला गेला. एप्रिलचं ऊन, रस्त्याकडेचा लिंब, त्याखाली उभी गाडी. फोनला रेंज नाही.

असली गाडी दिसल्यावर शेजारच्या शेतातनं माणसं येणारच. शिवगंगा आली, साठीची, हातात पाण्याचा तांब्या. तिच्यामागं तिच्या बांधाशेजारचे दादामियाँ, एका डोळ्यावर हिरवं फडकं.

“घराला चाकं लावली व्हय गं बाई?” शिवगंगानं दारातनं आत डोकावलं.

“व्हय, आजी.”

“चूल आतच?”

“आतच.”

“न् निजणं?”

“ते बी आतच.”

“मंग भांडण झाल्यावर नवरा जातो कुठं?”

“मोटरसायकलवर,” देवश्री म्हणाली.

दादामियाँ खोकला येईस्तोवर हसले. “शिवगंगा, तुज्या म्हाताऱ्याला बी घेऊन दे की एक.”

“कशाला? गेला तर यायचा न्हाय त्यो.”

देवश्री ओट्याशी चहा गाळायला वळली. गाळणीतनं तीन कप चहा उतरायला लागतो तेवढा वेळ ती पाठमोरी होती. मागं ठसका लागला.

ती वळली. भैरवी दाराशी फतकल मारून बसली होती, बाटली दोन्ही पायांच्या मध्ये, फ्रॉक छातीपासून ओला. जुन्या बाटलीचं सैल झाकण बाजूला पडलेलं. तोंड वासलेलं, डोळ्यांतून पाणी, आणि आवाज काहीच नाही. मग एकदम खोकला फुटला, आणि पेट्रोलचा वास गाडीभर पसरला.

“बेटी, गॅस! गॅस बंद कर!” दादामियाँ ओरडले.

तिनं गॅस बंद केला, लेकीला उचललं आणि बाहेर उडी मारली. भैरवीच्या तोंडाला, केसांना, हातांना तोच वास. तिनं फ्रॉक ओरबाडून काढला, ओढणीचं टोक ओलं करून तोंड पुसलं, हात पुसले. किती प्यायली? एक घोट? दोन? बाटली सांडलेली होती. कळायला मार्ग नव्हता.

“हो बाजूला,” शिवगंगा म्हणाली. तिनं ओट्यावरची मिठाची बरणी कधी घेतली ते देवश्रीला कळलंच नाही. तांब्यात मूठभर मीठ टाकून ती बोटांनी ढवळत होती. “तोंड उघड तिचं. मीठ-पाणी पोटात गेलं की भडाभडा वकंल. समदं बाहीर येईल.”

“नाही! उलटी नाही काढायची!”

“येडी हायेस का? माज्या सुनंनं फवारणीचं औषध पेलं हुतं. म्याच पाजलं मीठ-पाणी. दवाखान्यात न्यायच्या आधी. जित्ती हाय ती आज, दोन लेकरं झालीत तिला.”

निघण्याआधी देवश्रीनं पुण्यात दोन दिवसांचं प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी रॉकेल-पेट्रोलबद्दल काही सांगितलं होतं, तीन वेळा सांगितलं होतं. पोटात आहे तोवर त्याचा धोका कमी. उलटीबरोबर वर आलं की छातीत उतरतं, आणि छातीत उतरलं की… असंच होतं ना? की औषधाचं असं होतं आणि पेट्रोलचं तसं? तिला ती खोली आठवत होती, फळ्यावरची अक्षरं आठवत होती, पंख्याचा आवाज आठवत होता. ‘उलटी काढायची नाही’ या वाक्यातला ‘नाही’ तेवढा पक्का धरता येईना. समोर मात्र एक बाई उभी होती. तिनं खरोखर एक जीव वाचवला होता, आणि तिची बोटं अजून मीठ ढवळत होती.

शिवगंगानं भैरवीची हनुवटी धरली.

देवश्रीनं तांब्याला फटका मारला. तांब्या डांबरी रस्त्यावर घरंगळत गेला.

“मार. मलाच मार,” शिवगंगा म्हणाली. “शिकलेली हायेस ना. लेकरू हातचं गेल्यावर मंग रडू नकू.”

देवश्री रडतच होती. “आजी, पाया पडते तुमच्या. ते औषध वेगळं, हे वेगळं. उलटी झाली तर छातीत जाईल तिच्या. दवाखाना कुठाय? चाचा, दवाखाना?”

“सास्तूरला. सात किलोमीटर,” दादामियाँ म्हणाले. “पोरगं गावात गेलंय, त्याची मोटरसायकल हाय बांधावर, चावी बी लावलेली. पर मी कसा नेऊ, बेटी? ऑपरेशन होऊन चार दिवस झाले. एक डोळा बांधलेला, दुसऱ्याला निसता धूर दिसतोय.”

“मी चालवते.”

भैरवीला छातीशी बांधायची झोळी गाडीत होती. देवश्रीनं ती घेतली आणि टाकून दिली. तिचा पट्टा पोटावर आवळतो. पोटावर दाब आला की ती ओकणार. लेकीला कुणीतरी मागं बसून उभंच धरायला हवं होतं, मोकळं, दाब न देता. रस्त्यावर दोन्ही बाजूंनी कुणी नव्हतं. इथं तिघंच होती, त्यातला एक आंधळ्यासारखा. आणि जिच्या हातातला तांब्या तिनं आत्ता उडवला होता, ती.

तिनं शिवगंगाकडं बघितलं. शिवगंगा पदर कमरेला खोचत होती.

“बघतीस काय? आण हिकडं.”

“आडवी नाही करायची, आजी. पोट दाबायचं नाही. तोंडात काही घालायचं नाही. उलटी आलीच तर तोंड खाली, पुढं वाकवून…”

“म्या पाच वाढवलीत. चल.”

दादामियाँनी मोटरसायकल रस्त्यावर ढकलत आणली. “सरळ जा. पूल लागंल, पुलानंतर डाव्या अंगाला. अल्ला मालिक हाय.”

अकरा महिन्यांत देवश्रीनं मोटरसायकल घाटांतून चालवली होती, नदीच्या वाळूतून, धुक्यातून. पण तेव्हा लेक मागून येणाऱ्या गाडीत असायची, आणि आरशात गाडीचे दिवे दिसायचे. या मोटरसायकलला आरसेच नव्हते. रस्ता खड्ड्यांचा. वेग वाढवला तर हिसके बसणार, हिसके बसले तर उलटी होणार. कमी केला तर वेळ जाणार. मागं वळून बघायची सोय नाही.

“आजी! श्वास चालू आहे?”

“हाय. जोरजोरात हाय. पोट लई वरखाली हुतंय.”

“मोजा! प्रत्येक श्वास मोजा, मोठ्यानं!”

“मला इसापतूरच मोजता येतंय.”

“विसापर्यंत मोजा. झालं की पुन्हा पहिल्यापासून!”

मग शिवगंगानं तिच्या कानाशी मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. तिच्या आवाजातनं देवश्रीला लेकीची छाती दिसायला लागली. आकडे सुरुवातीला चालत होते, मग पळायला लागले. नऊधाअकरा असे एकमेकांवर पडायला लागले. एक ट्रॅक्टर कडब्याचा डोंगर घेऊन रस्ताभर पसरून चालला होता. ती हॉर्न दाबत राहिली, शेवटी कडेच्या मातीत उतरून पुढं निघाली. मागचं चाक सरकलं, सावरलं.

“…पंधरा, सोळा, सतरा…”

आणि आवाज थांबला.

“आजी!”

काही नाही. वारा, इंजिन.

“आजी, बोला ना! आजी!” तिचा पाय ब्रेकवर गेला.

“थांबू नकू!” शिवगंगा खेकसली. “खोकायलीय. धरलंय म्या. तू रस्ता बघ!”

देवश्रीनं रस्ता बघितला. पाण्यातून बघावा तसा बघितला. तिनं तुळजाभवानीकडं काही मागितलं नाही, नवस बोलली नाही. तेवढं वाक्य जुळवायलाही डोकं थाऱ्यावर नव्हतं. ती फक्त अठराची वाट बघत होती. सबंध जन्मात तिला एवढंच हवं होतं.

“अठरा,” शिवगंगा म्हणाली. “एकोणीस. इस. एक.”

पूल आला.

दवाखान्यात सिस्टरनं लेक हातातून घेतली आणि पळत आत नेली. डॉक्टरीण देवश्रीच्याच वयाची होती. तिनं नाकाशी ऑक्सिजन लावला, छातीला स्टेथोस्कोप लावला आणि वर न बघता विचारलं, “काय प्यायली?”

“पेट्रोल. तासही झाला नाही अजून. एक-दोन घोट असेल. बाटली मी ठेवली होती, खाली, तिच्या हाताशी, मी…”

“ते राहू द्या आत्ता. उलटी झाली? काढली कुणी?”

“म्या काढणार हुते,” दारातनं शिवगंगा बोलली. तिच्या लुगड्यालाही पेट्रोलचा वास येत होता. “हिनं काढू दिली न्हाय.”

“बरं केलं,” डॉक्टरीण म्हणाली.

शिवगंगा खाली बघत राहिली. “मला काय ठावं, बाई,” ती पुटपुटली. “एक इख तसं, एक असं.”

श्वास मिनिटाला अठ्ठावन्न, या वयात चाळिसाच्या आत हवा. फोटो काढला तर उजव्या छातीत खालच्या अंगाला डाग. थोडं आत गेलंच होतं, पहिल्याच ठसक्याला. डॉक्टरीण आडपडदा न ठेवता बोलली: या पोरांचं पहिल्या सहा तासांत कळतं. श्वास वाढत गेला तर इथं भागायचं नाही, सोलापूरला न्यावं लागेल. गाडी दारात लावून ठेवते.

दवाखान्यात रेंज होती, फोन लागला. शंतनू अर्ध्या तासात आला. हातात अजून तो नवा पट्टा, हेल्मेट डोक्यावरच. त्यानं लेकीकडं बघितलं, मग नाकाशी लावलेल्या नळीकडं, मग देवश्रीकडं.

“वर ठेव म्हणालो होतो मी,” तो म्हणाला.

“हो,” देवश्री म्हणाली.

तो कॉटच्या पायाशी फरशीवर बसला. दोन वाजता एकसष्ट. तीन वाजता साठ. सिस्टर येऊन मोजायची, आणि ती गेली की देवश्री स्वतः मोजायची, घड्याळ लावून, पुन्हा, पुन्हा. एकदा तिचे चौसष्ट आले. तिनं कुणाला सांगितलं नाही, परत मोजले. तुळजापूरहून फोन येत होते. घरी पुरण शिजलं होतं, दारात रांगोळी होती, कुठवर आलात? शंतनू ‘वाटेत आहोत’ म्हणून फोन ठेवून द्यायचा.

शिवगंगा जायला उठली. शेळ्या उन्हात बांधलेल्या राहिल्या होत्या. देवश्री तिच्या पाया पडायला वाकली, तर तिनं दंडाला धरून वर उचललं. “माज्या पायात काय हाय? तिच्याकडं बघ. नजर काढू नकू.” दादामियाँचा मुलगा आपली मोटरसायकल न्यायला आला होता. त्याच्यामागं बसून ती गेली.

साडेचारला श्वास बावन्न आला. पाचला पन्नास. साडेपाचला डॉक्टरीण स्वतः आली, एक मिनिटभर भैरवीच्या छातीवर हात ठेवून उभी राहिली.

“शेहेचाळीस. सोलापूरची गाडी तूर्त सोडते.”

“तूर्त म्हणजे?” देवश्रीनं विचारलं.

“म्हणजे रात्र इथंच काढायची. डाग आहे, ताप येईल, घाबरू नका. उद्या परत फोटो काढू. पण आत्ता ती आपल्या ताकदीवर श्वास घेतेय.”

ती वळते न वळते तोच भैरवीनं डोळे उघडले. नाकाशी काहीतरी आहे हे तिला कळलं. तिनं ते ओढलं, ते निघेना, आणि तिनं भोकाड पसरलं. अख्खा वॉर्ड वळून बघेल असं. शंतनू धडपडत उठला, तिला गप्प करायला फोनवर गाणं शोधायला लागला.

देवश्रीनं त्याचा हात धरला.

“रडू दे,” ती म्हणाली.

भैरवी रडत होती. देवश्री कान देऊन ऐकत होती, श्वास मध्ये कुठं अडतोय का. हुंदका संपला की लेक थांबायची, आत हवा ओढायची, आणि पुढचा आवाज आला की मगच देवश्री स्वतःचा श्वास सोडायची.