श्रावणबाळ नावाचं विमान

चीनची लढाई सुरू झाली आणि मनकर्णाबाईंना आपल्याच भाडेकरूचा संशय येऊ लागला. भाडेकरू चिंतामण, अमरावतीतल्या एका शाळेत मास्तर. दर रविवारी अकोल्याहून त्याचा मित्र हरिहर यायचा, आणि दोघं दार लोटून हळू आवाजात बोलत बसायचे. एका रविवारी बाई सूप घेऊन मुद्दाम भिंतीलगत डाळ निवडायला बसल्या.

"श्रावणबाळ उडाला की गावात एकही म्हातारं माणूस उरत नाही," चिंतामण म्हणत होता.

"आणि कुंभकर्ण?"

"त्याला झोपच नाही. घरं चिरडत पुढे जातो."

बाईंचा हात थांबला. त्यांचा मुलगा गोवर्धन तोफखान्यात, वर बर्फात. महिना झाला, खुशाली नव्हती. आणि इथं आपल्याच छपराखाली हेर! पदर खोचून त्या शेजारच्या भगवंतरावांकडे गेल्या. ते पोलिसातले पेन्शनर जमादार. त्यांनी येऊन काठीनंच चिंतामणचं दार ढकललं.

"कोणाची माणसं आहा तुमी?"

हरिहर पांढराफटक पडला. चिंतामणला आधी हसू आलं, पण बाईंचा चेहरा पाहून ते विरलं. "बाई, मी युद्धावर कादंबरी लिहितोय. विमानं, रणगाडे, सगळे माझ्या मनातले. याचा अकोल्याला छापखाना आहे, हा छापणार."

"मंग पोथीतली नावं काहून?" बाईंनी विचारलं.

"बनवणारे ओळखीचं नाव देतात. मग चालवणाऱ्याचा हात कापत नाही."

"आमी चौकशी करू," असं बजावून भगवंतराव गेले. बाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"गोवर्धन सुट्टीवर आला तं सांगे," त्या म्हणाल्या. "त्याच्या तोफेले सारे पोट्टे अन्नपूर्णा म्हणतेत. मले लय हासू आलं होतं. साऱ्या गल्लीले सांगत फिरली मी."

चिंतामणचा हात नकळत टाकाकडे गेला. बाईंनी तो पाहिला.

"ते नाव नका टाकू, मास्तर."

"नाही टाकत."

"शपथ घ्या."

त्यानं घेतली. तरी पुढच्या साली पुस्तक निघालं, तेव्हा बाईंनी ते भगवंतरावांकडून पहिल्या पानापासून वाचून घेतलं. अन्नपूर्णा कुठंच नव्हती. गोवर्धन तोवर धडधाकट घरी येऊन गेला होता. तोफेचा विषय त्यानं काढला नाही, आणि बाईंनीही विचारलं नाही.