अर्ध्या सेकंदाची फट

अपघाताला सहा महिने झाले. ताई डोळे उघडे ठेवून नुसती पडलेली असते. आत ती आहे की नाही हे ठरवायचं यंत्र रुग्णालयाच्या आमच्याच विभागात, आणि ते चालवणारी मी, तिची धाकटी बहीण. आधी सूर वाजतो, अर्ध्या सेकंदाने नळीतून डोळ्यावर हवेचा झोत येतो. सुरानंतर पण हवेच्या आधी पापणी मिटली, तरच माणूस शिकलं, म्हणजे आत आहे, असं धरायचं. नाहीतर उपचार बंद.

पहिला आठवडा मी मूर्खासारखा वाया घालवला. वायरी उलट जोडल्या होत्या, आधी हवा आणि मग सूर. फटका बसून गेल्यावर इशारा आला तर कोण काय शिकणार? वायरी बदलल्या आणि चौथ्या दिवशी पापणी बरोबर फटीत मिटली. मी जमिनीवर बसून रडले.

"योगायोगही असेल," डॉक्टर म्हणाले. "शुक्रवारी मी स्वतः बघतो."

पण ताई पापणी आणखी आधी आधी मिटायला लागली. मी बटणाकडे हात नेला की मिटायची, मग मी दारात आले की. यंत्र त्याला चूक म्हणायचं. त्याला काय कळतंय डोंबल? बुधवारी तिच्या खोलीतल्या कॅमेऱ्यात पाहिलं, पापणी सकाळी आठ दहाला मिटली होती. आठ दहाला मी घरी केस विंचरत होते, आज किती झोत द्यायचे ते मनात ठरवत. 

"ताई, तुला कसं कळतं गं?"

पापणी मिटलेलीच. माझी सख्खी बहीण मला घाबरत होती.

शुक्रवारी सकाळी मी ठरवलं, बास, आता हिच्या डोळ्यात हवा मारायची नाही. गुपचूप नळीची चावी बंद केली. नुसत्या सुरानेही मिटेल की, इतक्या दिवसांची सवय आहे.

डॉक्टर यंत्राच्या पडद्यासमोर बसले. सूर वीस वेळा वाजला. ताई शांतपणे छताकडे बघत राहिली.

"एकदाही नाही." त्यांनी पडदा बंद केला आणि कागद पुढे ओढला. "वाईट वाटतं, पण आत कोणी नाही."

"अजून एकदा बघू ना," मी म्हणाले. चावी उघडून एकच झोत द्यावा, असं माझ्या मनात आलं. हात अजून खिशातच होता.

ताईची पापणी घट्ट मिटली. डॉक्टर मान खाली घालून सही करत होते.